सत्यशीलाबाईंचा फोन

“मॅम, ॲक्च्युअली सर तुमच्या ऑफिसच्या त्या मॅमशीच बोलतात,” रंगरावांच्या ऑफिसातली शेफाली फोनवर म्हणाली, आणि ऋचाचा हात स्कूटरच्या किल्लीवर तसाच राहिला. “कोण त्या मॅम?” तिनं विचारलं. विचारायची खरं तर काही गरज नव्हती. “सत्यशीला मॅम. त्यांना कॉल करायला सांगा ना. सरांनी मला सांगूनच ठेवलंय, पेमेंटचं त्या बाईंशीच बोलणार म्हणून.” मग शेफालीनं आवाज उतरवला. “त्यांनी जॉब सोडला का, मॅम?” ऋचा म्हणाली, “नाही. रजेवर आहेत.” फोन बंद झाला तरी ती गल्लीच्या तोंडाशी उभीच होती. मागे एक म्हातारे गृहस्थ सायकल धरून थांबले होते, ते शेवटी म्हणाले, “बाई, किल्ली फिरवणार असाल तर फिरवा. चिंतनच करायचं असेल तर पर्वती मोकळी आहे.” तिनं गाडी बाजूला घेतली, त्यांना जाऊ दिलं, आणि मग ज्या दिशेला निघाली होती तिकडे न जाता परत घराकडे वळली. रजेवर. शब्द किती सहज आला होता. गेल्या दोन महिन्यांत लोकांनी तिच्यासमोर आईबद्दल वापरलेल्या सगळ्या शब्दांपेक्षा हाच तिला जवळचा वाटला, आणि तसा वाटला म्हणून तिला स्वतःचीच धास्ती वाटली.

सत्यशीलाबाई म्हणजे आई. हे रंगरावांना माहीत नव्हतं, शेफालीला नव्हतं, गेल्या सहा वर्षांत ज्यांच्या ज्यांच्या कार्यक्रमाचं निवेदन ऋचानं केलं त्यांच्यापैकी कुणालाच नव्हतं. सुरुवात एका नारळापासून झाली होती. कुठल्याशा संस्थेचा वर्धापनदिन होता, ऋचा सलग तीन तास उभी राहून बोलली होती आणि रात्री शाल, नारळ आणि ‘पाकीट नंतर पाठवतो’ एवढं घेऊन घरी आली होती. त्या वर्षातली ती सातवी शाल. आईनं नारळ हातात घेऊन कानाशी हलवला, पाणी आहे याची खात्री केली आणि म्हणाली, “चांगला आहे. पण नारळ बँकेत भरता येत नाहीत.” ऋचानं सांगायचा प्रयत्न केला, की या धंद्यात असंच असतं. कार्यक्रमापर्यंत आयोजक दिवसातून दहादा फोन करतात आणि नंतर एकदा केलेला उचलत नाहीत. शिवाय ज्या बाईनं काल व्यासपीठावरून ‘आपल्या सर्वांच्या प्रेमानं मी भारावून गेले’ म्हटलं, तिनं आज फोन करून पैसे कसे मागायचे? आई म्हणाली, “तू नको मागूस. आभारप्रदर्शन झालं की देणं फिटलं असं वाटतं लोकांना. त्यांना कुणीतरी सांगायला हवं.” दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी ती खिडकीतल्या स्टुलावर बसली, कीपॅडचा आपला फोन घेतला, पदर सारखा केला आणि ऋचानं लहानपणी फक्त आत्याच्या घरी कुणी वारल्यावर ऐकला होता तसल्या सरळ, इस्त्रीच्या आवाजात म्हणाली, “नमस्कार. मी ऋचा मॅडमच्या ऑफिसातून सत्यशीला बोलतेय.” चार दिवसांत पैसे आले.

आई टेलिफोन खात्यात होती, ट्रंक कॉल होते तेव्हा ट्रंक कॉल जोडायला आणि नंतर तक्रारींच्या टेबलावर. सत्यशीलाबाई तिच्या पहिल्या सुपरवायझर. “खोटंच बोलायचं तर नाव तरी खरं असावं,” असं ती म्हणायची. त्या बाईंबद्दल ती एकच गोष्ट सांगत असे, पण ती अनेकदा. ट्रंक कॉल तीन मिनिटांचा असायचा. तीन मिनिटं झाली की ऑपरेटरनं मध्ये बोलायचं, वेळ संपला, वाढवायचा का विचारायचं, असा नियम. एकदा पुण्याहून सोलापूरला एकानं भावाला आपला मुलगा गेल्याचं सांगितलं आणि मग दोन्हीकडून कुणी बोलेना. लाइन चालू, आणि त्यात नुसते दोन माणसांचे श्वास. आईचं बटणावरचं बोट तसंच राहिलं. तीन मिनिटं झाली, सहा झाली. मागे सत्यशीलाबाई येऊन उभ्या राहिल्या, घड्याळाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. नव्या मुलीला मेमो मिळणार हे सगळ्यांना दिसत होतं. त्या एवढंच म्हणाल्या, “चालू दे.” आणि गेल्या. आईची खात्री होती की माणूस बोलायच्या आधी श्वास घेतो त्यातच बातमी कळते. वीस वर्षं कानाला हेडफोन लावून तिला ते कळायला लागलं होतं. ऋचा दहावीचा निकाल घेऊन फोन बूथवर गेली तेव्हा तिनं ‘आई’ म्हणायच्या आत पलीकडून आई म्हणाली होती, “गणितात गेलं का थोडं?”

घरी आल्यावर ऋचानं चहा ठेवला आणि तो उतू जाईपर्यंत खिडकीपाशी उभी राहिली. कीपॅडचा फोन आईच्या चष्म्याशेजारी होता. चार्ज होता. ती तो दर दोन दिवसांनी चार्ज करत होती आणि अठ्ठावीस दिवस झाले की रिचार्जही. दोनदा केला होता. आमोदला हे सांगितलं नव्हतं. आमोद तिचा मावसभाऊ. जानेवारीत हॉस्पिटलनं ॲडमिट करून घेण्याआधी चाळीस हजार भरायला सांगितले तेव्हा तिच्या खात्यात साडेतीन हजार होते आणि त्यानं काउंटरवर मागूनच आपलं कार्ड पुढे केलं होतं. “सावकाश दे गं,” एवढंच. तेव्हापासून त्यानं एकदाही मागितले नव्हते. काल संध्याकाळी त्याचा फोन आला होता. सोसायटीची लिफ्ट बंद पडल्याचं त्यानं दहा मिनिटं सांगितलं, मुलीला, पूर्वाला, अकरावीसाठी कुठल्या क्लासला घालायचं यावर बोलला, क्लासवाले एकरकमी मागतात म्हणाला, आणि मग घाईनं, “बरं, तू जेवतेस ना नीट?” असं विचारून त्यानं फोन ठेवला. ऋचाला तो फोन पूर्ण ओळखीचा होता. आई नसताना ती स्वतः असेच फोन करत आली होती: तब्येतीची चौकशी, हवापाणी, आणि तोंडाशी आलेलं वाक्य गिळून ‘बरं, ठेवते’. आपण आमोदचे रंगराव झालो आहोत, हे तिला काल रात्रीपासून खात होतं. रंगरावांकडून पंचेचाळीस यायचे होते. ते आले की आमोदचे जात होते. बाकी कुठून काही यायचं नव्हतं. दोन महिन्यांत तिनं पाच कार्यक्रम सोडले होते, कारण माइक हातात घेतला की आता मान्यवरांच्या नावांऐवजी भलतंच काही बोलून जाऊ, असं तिला वाटायचं.

आणि रंगरावांचं काम तर तिनं मनापासून केलं होतं. बिबवेवाडीच्या वरच्या अंगाला त्यांच्या नव्या इमारतीचा किल्ल्या देण्याचा सोहळा होता, दसऱ्याला. चौऱ्याऐंशी कुटुंबं. त्यांची नावं कागदावरून वाचायची नाहीत असं तिनं ठरवलं होतं आणि आठवडाभर आईनं तिच्याकडून ती पाठ करून घेतली होती, आई भाजी निवडत एक आडनाव टाकायची आणि ऋचानं पूर्ण नाव, मजला, माणसं सांगायची. एकाही घराचं नाव चुकलं नाही. रंगराव, पांढरा शर्ट, कपाळाला गुलाल, शेतावर इमारती उभ्या राहिल्या तरी शेतातल्यासारखेच मोठ्यानं बोलणारे, ते माइकवर म्हणाले होते, “पोरीनं गाव जिंकलं आपलं.” मग दिवाळी होऊ द्या, मग तुळशीचं लग्न होऊ द्या. आई अमावास्या टाळून, दिवेलागण टाळून, शुक्रवार टाळून फोन करत राहिली. लक्ष्मी घराबाहेर काढायला नको अशा वेळी मागितलं की माणसाला नाही म्हणायला देवाचं निमित्त मिळतं, असं तिचं म्हणणं. “रंगराव, सही करताय की शिलालेख कोरताय?” असं तिनं एकदा विचारलं होतं, आणि पलीकडचं हसू ऋचाला स्वयंपाकघरात ऐकू आलं होतं.

ते डिसेंबरमधले फोन तिच्या कानात अजून होते. लग्नसराईचे दिवस, ती साड्यांना इस्त्री करत असायची आणि बाहेरच्या खोलीत सत्यशीलाबाई बोलत असायच्या. “रंगराव... आपण दसऱ्याला म्हणालात... दिवाळीनंतर.” शब्दांच्या मध्ये ती थांबायची. आधी कधी अशी थांबत नसे. ऋचानं इस्त्री उभी केली आणि ऐकत राहिली. इतकी वर्षं ती लोकांना शिकवत होती की निवेदनात बोलण्याइतकंच न बोलणं महत्त्वाचं असतं, आणि इथं आई ते न शिकता करत होती. “आई, काय पॉज घेतेस गं,” ती दारात येऊन म्हणाली. “समोरच्याला घाम फुटेल. मला शिकव की.” आई हसली. हसता हसता मध्येच थांबली, हात हलवून ‘जा, साडी जळेल’ असं दाखवलं. त्या आठवड्यात एका कंपनीच्या समारंभात ऋचानं तो पॉज करून पाहिला. “आणि आता... ज्यांची आपण वाट पाहत होतो...” सभागृह खरोखरच थांबलं. आयोजक नंतर म्हणाले, “मॅडम, यंदा काय वजन आलंय तुमच्या बोलण्याला.” तिनं घरी येऊन आईला सांगितलं. सगळा सीझन तिनं त्याच्यावर काढला.

साडेतीन वाजेपर्यंत ती घरात इकडून तिकडे फिरली. कपाट उघडलं, बंद केलं. शेफालीला खरं सांगायचं, असं दोनदा ठरवलं. पण काय सांगायचं? की ज्या बाईंनी तुमच्या साहेबांना तीन महिने छळलं त्या माझ्या आई होत्या आणि त्या वारल्या, तेव्हा आता तरी द्या? मेलेल्या माणसाच्या नावावर पैसे मागणं, ह्यापेक्षा त्याच्या आवाजात मागणं बरं. हा विचार आला तेव्हा तो नवा नाही हे तिला कळलं. सकाळी ‘रजेवर’ म्हटलं तेव्हाच तो झाला होता. पंचांग पाहिलं. अमावास्या नव्हती. दिवेलागणीला अवकाश होता. ती स्टुलावर बसली. पदर नव्हता, तरी हात खांद्याकडे गेला. आवाज कसा काढावा हे तिनं आधी मनात जुळवलं, नाकातून किंचित, शेवटचा स्वर न सोडता, आणि मग तोंडानं म्हणून पाहिलं, “नमस्कार. मी ऋचा मॅडमच्या ऑफिसातून... सत्यशीला बोलतेय.” जुळवावं लागलंच नाही. तो घशातच होता, तिच्या स्वतःच्या आवाजाच्या जरासा मागे, बोलावण्याची वाट पाहत असल्यासारखा. तिला रडू येईल असं वाटलं होतं. उलट तिला बरं वाटलं, लाज वाटावी इतकं.

रंगरावांनी दुसऱ्या रिंगला उचलला. “बोला बाई,” ते म्हणाले. मागे काँक्रीटच्या मिक्सरचा आवाज होता. “लई दिवसांनी.”

“नमस्कार, रंगराव. म्हटलं... आपल्याला आठवण आहे का पाहावं.” तिनं पॉज अगदी जागच्या जागी घेतला. “दसरा झाला... दिवाळी झाली... आता पाडवा आला.”

पलीकडे ते हसतील असं तिला वाटलं. ते हसले नाहीत. “बाई,” ते म्हणाले, “अजून दम लागतोय की तुम्हाला.”

ऋचानं खिडकीच्या गजाकडे पाहिलं.

“मी तवाच म्हणलं होतं. आमच्या आईचं असंच झालं. बोलता बोलता थांबायची, आम्हाला वाटायचं वय झालं. छातीत पाणी झालतं. म्हणलं का नाय तुम्हाला? म्हणलं, आधी डॉक्टरला दावा आन मग फोन करा, त्याच दिवशी पैसं सोडतो. तुम्ही काय म्हणला? मॅडमचा लग्नाचा सीझन संपू द्या, मग जाते.” मिक्सर थांबला होता, त्यामुळे त्यांचा आवाज एकदम जवळ आला. “आवो, कामावरच्या बाईनं मालकिणीसाठी एवढं थांबायचं नसतं. तिला कळत नाय का, बाई रोज समोर बसती तर?”

खिडकीच्या गजाला एक दोरी बांधलेली होती. ती डिसेंबरपासून होती. आई खाली भाजीवाल्याला पिशवी सोडायची, दोन मजले. ‘जिन्यात किती वेळ जातो,’ म्हणायची, आणि ऋचाला ते शहाणपणाचं वाटलं होतं. हॉस्पिटलमध्ये तरुण डॉक्टरनं विचारलं, दम कधीपासून लागतोय, आणि तिनं लगेच, स्पष्ट उच्चारात सांगितलं, “परवापासून.” मास्क लावलेल्या आईनं हात वर केला. ऋचानं पाण्याचा ग्लास पुढे केला. आईनं मान हलवून तो नको म्हटलं आणि हात खाली ठेवला. दोन बोटं वर होती का, दोन महिने म्हणून? की नुसताच हात? दोन महिने ही एक गोष्ट तिला आठवत होती आणि कशी आठवावी ते कळत नव्हतं.

“बाई? हायत का?”

“आहे,” ती म्हणाली. आवाज अजून आईचाच होता. तो सोडायचा कसा हे तिला माहीत नव्हतं.

“दावलं का मग?”

“दाखवलं.”

“काय म्हणले?”

“उशीर झाला म्हणाले.”

“त्यांचं असतंच तसं. उशीर म्हणत्यात आन बिल लावत्यात,” रंगराव म्हणाले. “आता औषधं चांगली निघाल्यात. येळेवर घ्या. आन पैसं पाठवतो मी आत्ता, शब्दाला पक्का हाय. तुम्ही दावलं, मी दिलं.” त्यांनी फोन ठेवला.

चार वाजून वीस मिनिटांनी तिच्या मोबाइलवर बँकेचा मेसेज आला. पंचेचाळीस हजार आणि वर एक रुपया. तिनं लगेच, उभ्याउभ्याच, आमोदला चाळीस पाठवले. त्याचं उत्तरही लगेच आलं, “अगं, घाई नव्हती,” आणि पाठोपाठ, “थँक्स. पूर्वाची फी उद्याच आहे.” म्हणजे घाई होती. आता कुणाचं कुणाकडे काही नव्हतं. असं झालं की आई पदर कमरेला खोचून “झालं गेलं गंगेला मिळालं” म्हणायची आणि पोहे करायची. ऋचा खिडकीपाशी गेली आणि दोरीची गाठ सोडवायला लागली. गाठ पक्की होती. आईच्या गाठी सुटत नसत. नखं लावून, दात लावून ती ओढत राहिली, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण मोठ्यानं श्वास घेतोय. ती थांबली. सबंध सीझन ती जिथे जिथे थांबली होती तिथे तिथे, त्या समारंभांमध्ये, त्या मंगल कार्यालयांमध्ये, आईला हवा पुरत नव्हती. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

स्टुलावरचा कीपॅडचा फोन वाजायला लागला. रंगराव. तिनं तो वाजू दिला. चार रिंग, पाच. पैसे आले होते, काम झालं होतं. न उचलला तर सत्यशीलाबाई आणखी काही महिने रजेवर राहू शकत होत्या, पाडव्याला, दसऱ्याला, गोळ्या घेत. सहाव्या रिंगला तिनं उचलला.

“बाई, पोचलं का पैसं?” रंगराव म्हणाले. “आन दुसरं म्हणजे, आमच्या आईला ज्यांनी बघितलं ते डॉक्टर आता स्वारगेटला बसत्यात. नंबर लिहून घ्या. उशीर झाला कोण म्हणलं, ते इचारा त्यांना.”

“रंगराव,” ती म्हणाली. तिचा स्वतःचा आवाज तिला घोगरा आणि अनोळखी वाटला. “मी ऋचा. दसऱ्याला निवेदन केलं होतं ती. सत्यशीलाबाई म्हणून फोन करायची ती माझी आई.”

“आई?”

“ऑफिस वगैरे काही नाही. आम्ही दोघीच होतो. ती गेली, अठ्ठावीस जानेवारीला.”

“आवो, मगाशी तर...” ते म्हणाले, आणि थांबले.

“मगाशी मी बोलत होते.”

ते रागावतील, असं तिला वाटलं. रागवायला हवं होतं. तिच्याकडे वाक्यं तयार होती. सभागृहात दोन सेकंदांपेक्षा जास्त शांतता झाली की ती भरायची, हे तिच्या अंगात मुरलं होतं. माफीचं एक वाक्य जिभेवर आलंसुद्धा. पलीकडून रंगरावांनी श्वास आत घेतला आणि तो बोलण्यासाठी घेतलेला नव्हता. कुठेतरी लांब कुणीतरी त्यांना हाक मारली, “शेठ, स्लॅबचं काय करायचं?” आणि त्यांनी त्याला उत्तर दिलं नाही. तिनंही काही म्हटलं नाही. फोनच्या बारक्या पडद्यावर तीन मिनिटं होऊन गेली. ऋचा स्टुलावर बसली, अर्धवट सुटलेली दोरी मांडीवर घेतली आणि फोन कानाला तसाच धरून ठेवला.